चहा द्यायला आलेली बाई

हुस्नाबानोच्या हातची भाजी खारट झाली असं कुणी म्हटलं तर ती हसते. तिच्या चपलेला नावं ठेवा, चष्म्याला ठेवा, तिच्या म्हाताऱ्या शेळीला ठेवा, तिला काही वाटत नाही. पण तिच्या हातच्या कामावर दुसऱ्या कुणी आपलं नाव लावलं, की मग खैर नाही. मग ही बाई डूख धरते, आणि असा धरते की बघणाऱ्यालाच दमायला व्हावं. एका माणसावर तिनं अकरा वर्षं डूख धरला. तो माणूस म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, अशफाक. आता घ्या!

कामरगावच्या स्टँडवरून चौकात आलं की दोघांची दुकानं समोरासमोर दिसतात. डाव्या हाताला अशफाकचं. शटर, फरशी, आणि वर लालभडक अक्षरांत 'सैफुद्दीन अँड सन, रेडिएटर वर्क्स'. उजव्या हाताला हुस्नाबानोचं. चार बल्ल्या, वर टीन, खाली एक लाकडी खुर्ची. बोर्ड नाही. "बोर्ड काहून नाई लावत, हुस्नाबाई?" असं कुणी विचारलं की ती समोर बोट दाखवते. "तो काय, मायाच बोर्ड हाय. चुकून तिकडं लागला."

सैफुद्दीन म्हणजे या दोघांचे अब्बा. मूळचा धंदा कल्हईचा. गावोगाव फिरायचं, जमिनीत खड्डा करायचा, कोळसा पेटवायचा, नवसागराच्या धुरात तांब्यापितळेची भांडी आतून चकाकून द्यायची. या धंद्यात भाता ओढायला कुणीतरी लागतं. अशफाकला धुरानं खोकला यायचा आणि अम्मी त्याला ओढणीखाली घेऊन आत जायची. मग भात्यावर हुस्नाबानो बसली. सहा वर्षांची होती तेव्हा बसली ती उठलीच नाही. पुढं घरोघरी स्टील आलं, कल्हई मेली, तर अब्बांनी गाड्यांचे रेडिएटर धरले. विस्तव तोच, कथील तेच, वितळलेल्या कथलाचा डाग देऊन सांधा जोडायची रीत तीच. पोरगीही तीच.

अब्बा फार बोलायचे नाहीत. पण भात्याशी बसलेल्या पोरीला त्यांनी दोन गोष्टी अशा सांगितल्या की तिनं त्या हाडात भरून घेतल्या. पहिली, "बेटा, काई बी आधी थंडं असतानी हातात घेत जा. तापल्यावर सारंच गरम लागते, मंग खोट कुठी हाय ते काय समजन?" दुसरी हळदीची. रस्त्यात रेडिएटर गळायला लागला आणि जवळ काहीच नसलं, तर त्यात मूठभर हळद टाकायची. ती फुगते, बारीक भोक धरते, आणि माणूस घरापर्यंत येतो. पण घरी आल्याबरोबर तीन वेळा पाणी बदलून सगळी हळद धुऊन काढायची आणि भोकाला नीट डाग द्यायचा. अशफाकनं हळदीचं फक्त पहिलं अर्धं ऐकलं. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी साहेब खोकत घरात गेले होते.

एकोणिसाव्या वर्षी हुस्नाबानो लग्न होऊन मूर्तिजापूरला गेली. पंचविसाव्या वर्षी नवरा वारला आणि ती परत आली, परत डाग द्यायला बसली. अब्बा गेल्यावर दुकानाची कुणी वाटणी केली नाही, ती आपोआप झाली. पुढं अशफाक, मागं पोत्याच्या पडद्याआड हुस्नाबानो. पुढं बोलायचं, मागं काम करायचं. खरं सांगायचं तर तिला याचंही वाईट वाटत नव्हतं. बोलणं त्याला झकास जमायचं. ती म्हणायची, बोलू दे बापड्याला.

मग तो देवमनचा दिवस आला.

देवमन म्हणजे बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतला. त्याची पिकअप होती, हंगामात संत्री वाहायचा. त्या पिकअपचा रेडिएटर दोन गावच्या मिस्त्र्यांनी भंगारात टाक म्हणून सांगितला होता. हुस्नाबानो त्या रेडिएटरशी तीन दिवस बसली. एकेक नळी उघडली, एकेक सांधा धरला. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, तरी उठली नाही. तिसऱ्या दिवशी देवमन आला. त्यानं रेडिएटर उन्हात धरला, उलटा केला, अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "अशफाकभाऊ, हे कोनं केलं? असा डाग म्या जिंदगीत नाई पायला. सांधाच हाताले लागून नाई राह्यला!"

नेमकी तेव्हा हुस्नाबानो पडद्याबाहेर आली होती. अशफाकनंच गिऱ्हाइकासाठी चहा मागितला होता, म्हणून हातात दोन गिलास होते. भाजलेल्या बोटांना चिंधी बांधलेली होती. ती थांबली. आता आपला भाऊ काय बोलतो ते ऐकायला थांबली, आणि उगाच खोटं कशाला बोला, तिच्या तोंडावर हसू पण आलं होतं.

"मीनंच केलं," अशफाक म्हणाला. "दुसरं कोन करन?"

देवमननं तिच्या चिंधीकडं बघितलं. "अन् ह्या?"

"हे?" अशफाक म्हणाला. "हे तं चहा द्यायले आली."

हुस्नाबानोनं दोघांना चहा दिला. मग मागं गेली. डाग द्यायची तांब्याची सळई, अब्बांचा छोटा भाता आणि ती लाकडी खुर्ची एवढं तिनं उचललं आणि रस्ता ओलांडला. अशफाकला वाटलं बाई रुसली, चार दिवसांत येईल. चार दिवसांनी तिनं बल्ल्या रोवल्या. आणि एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही, पण चौकात सगळ्यांना माहीत होती. त्या दिवसापासून तिनं चहा सोडला. चौकात हरिसिंगचं हॉटेल आहे, त्याच्या चहाच्या वासानं मेलेला माणूस उठून बसेल. तरी अकरा वर्षांत तिनं घोट घेतला नाही.

"ज्या दिवशी हा मानूस ह्याच चौकात खरं सांगन," ती मनाशी म्हणायची, "त्याच दिवशी मी चहा घेईन. त्याच्याच हातचा."

देवमन तेव्हापासून गाडी घेऊन तिच्याकडेच येतो. ट्रॅक्टरवाले येतात, थ्रेशरवाले येतात. पण नवीन माणूस चौकात आला की बोर्ड वाचून डावीकडे वळतो, आणि ते बघून दर वेळी हुस्नाबानोच्या पोटात कोळसा पेटतो. या सगळ्यात रस्ता ओलांडून रोज येणारं एकच माणूस होतं. अशफाकची पोरगी, कशिश. ती फुप्पीच्या, म्हणजे आत्याच्या, मांडीवर वाढली होती, आणि मोठ्या माणसांचं भांडण तिनं कधी मनावर घेतलं नाही. शाळेतून आली की दप्तर टिनाखाली टाकायची आणि बापाच्या दुकानाकडे बघत फुप्पीच्या डब्यातलं खायची.

तीन वर्षांपूर्वी अशफाकनं एक मोठी गाडी घेतली. पांढरी, उंच, दुसऱ्याच्या हातची, पण डौल असा की जणू कारखान्यातून सरळ याच्याकडे चालत आली. पहिल्याच उन्हाळ्यात मेडशीहून येताना तिचा रेडिएटर गळला. अशफाकनं किराणा दुकानातून हळदीचा पुडा घेतला, आत ओतला आणि गाडी घरी आणली. मग चौकात उभा राहून सांगत सुटला. "पुडाभर हळद! गळती बंद! खानदानी नुस्खा हाय आमचा, असा कोनाले माईत नाई."

हुस्नाबानो समोर बसून ऐकत होती. ती वाट बघत होती, आता हा पाणी काढेल, धुवेल. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. अशफाकनं गाडी पुसली, आरशाला माळ लटकावली आणि जेवायला गेला. पुढच्या उन्हाळ्यात परत हळद. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात परत. गाडी उभी असायची तिथं जमिनीवर पिवळा डाग पडायचा, तो हुस्नाबानोला रस्त्यापलीकडून दिसायचा. मोठ्या रेडिएटरला एवढ्यानं फार होत नाही, त्याच्या नळ्या रुंद असतात. पण अशा गाडीत डॅशबोर्डाच्या मागं अजून एक रेडिएटर असतो, वहीएवढा छोटा. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावरून वारा मारतो, आणि थंडीत माणसाला आत ऊब मिळते. त्याच्या नळ्या सुईएवढ्या. हळद आधी तिथं बसणार हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

एक शब्द बोलायचा होता. नाही बोलली. "बसू दे," ती म्हणाली. "वाशीम जिल्ह्यात हीटर कोनाले लागते? पन ज्या दिवशी लागन ना, त्या दिवशी ह्याची अशी जिरन का चौक पाहीन."

आणि लागला. पण कसा लागला ते ऐका.

या जानेवारीत कशिश अकोल्याला बाळंत झाली. सातव्याच महिन्यात. मुलगी झाली, दोन मुठीत मावेल एवढी. सव्वीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. सोमवारी दुपारी सुट्टी द्यायचं ठरलं, आणि डॉक्टरनं बजावून सांगितलं, रस्त्यात लेकराला थंडी लागता कामा नये, गाडी आतून गरम पाहिजे. त्या आठवड्यात अशी थंडी पडली होती की सकाळी तोंडातून वाफ निघायची आणि हरिसिंग हॉटेलच्या भट्टीला पाठ लावून गिऱ्हाईक करायचा.

अशफाकनं गाडीचा हीटर लावला. वारा आला फर्रकन, पण गार. नुसता गार.

आठ दिवस तो माणूस त्या गाडीशी झटला. इंजिनातल्या पाण्याचा वॉल, म्हणजे झडप, बदलली. तरी गार. दुसरा वॉल टाकला. तरी गार. पंखा नवीन बसवला, तर गार वारा अजून जोरात यायला लागला. कारंज्याहून वायरिंगवाला आणला, त्यानं अर्धा डॅशबोर्ड खोलून परत लावला आणि तीन स्क्रू उरवले. सगळा चौक बघत होता. "अशफाकभाऊ, सीटखाली शेगडी ठेवा," हरिसिंग म्हणाला आणि लोक खदखदून हसले. भाड्याची गाडी करायची म्हटलं तर घरात नाव काढायची सोय नव्हती. रेडिएटरवाल्याची नात भाड्याच्या गाडीत यायची? मग बोर्ड उतरवूनच ठेवा की!

हुस्नाबानो आठही दिवस खुर्चीत बसून हे बघत होती, आणि तिला मोठं गोड वाटत होतं. शेंगा खायची आणि बघायची.

नवव्या दिवशी, रविवारी, कशिशचा फोन आला. "फुप्पी, काल अब्बू भेटाले आले तं म्या गाडीत बसून पायलं. पाय गारठून गेले माये. अब्बूच्यानं होत नाई ते. तू पायशीन का? मले तुयाच हातावर भरोसा हाय." मग जरा थांबून म्हणाली, "फुप्पी, हिचे हात तुयासारखे लांब हायेत."

फोन ठेवल्यावर हुस्नाबानोच्या हातातली शेंग तशीच राहिली. तीन वर्षं जी थंडी तिनं भावासाठी राखून ठेवली होती, ती त्याच्या दारावरून पुढं जाऊन लेकराच्या दारात उभी होती. तिनं स्वतःलाच एक शिवी घातली. पण खरं सांगतो, पस्तावा आला म्हणून राग गेला असं झालं नाही. उलट राग दुप्पट झाला. त्या माणसानं चहावाली म्हटलं नसतं तर ती पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडून बोलली नसती का? हे पण त्याच्यामुळंच!

तिनं कशिशला उलटा फोन केला. "तुया बापाले पाठव."

संध्याकाळी अशफाक आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा रस्त्याच्या या बाजूला. टिनाखाली उभा राहिला, बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

"आपा," तो म्हणाला, "गाडी जरा..."

"उद्या सकाळी साडेसातले आन. इथीच, चौकात. रात्रभर इंजिन चालू नोको करू, थंडी गाडी पाह्यजे मले."

"घरी पायलं असतं तं..."

"चौकात. अन् देवमनले मी बलावते. काम झाल्यावर तो एक गोष्ट इचारन. त्याचं उत्तर तू देशीन. खरं देशीन."

कोणती गोष्ट ते अशफाकला सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा पडला. "अकरा वर्षं झाले, आपा. अजून?"

"तुले अकरा वर्षं झाले. मले काल झालं."

सोमवारी साडेसातला पांढरी गाडी चौकात उभी होती आणि तिच्याभोवती अर्धं कामरगाव. देवमन मफलर गुंडाळून आला होता. हरिसिंगनं हॉटेलची बाकडी बाहेर काढली होती. हुस्नाबानोनं खुर्ची बरोबर बोनेटसमोर ठेवली आणि बसली.

"खोल," ती म्हणाली.

अशफाकनं बोनेट उघडलं.

"रेडिएटरचं झाकन काढ. पानी किती हाय? रंग कोनता हाय?"

"भरलं हाय." तो घुटमळला. "पिवळसर हाय."

"पिवळसर. ध्यानात ठेव. आता त्या मांगच्या पत्र्यात दोन रबरी पाइप घुसते ना, ते दोन्ही हातात धर. कसे हायेत?"

"थंडे. गाडी थंडी हाय तं थंडेच राहीन."

"मी इचारलं तेवढं सांग. गाडी चालू कर. अन् पाइप सोडू नोको."

देवमननं आत बसून गाडी चालू केली. अशफाक वाकून दोन पाइप धरून उभा राहिला, गाईची धार काढायला बसल्यासारखा. लोकांत खसखस पिकली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. देवमननं आतून सांगितलं की इंजिनाच्या तापाचा काटा मधोमध आला. "म्हणजे वॉल बरा व्हता," हुस्नाबानो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दोन्ही वॉल बरे व्हते." मग तिनं पंखा लावायला सांगितला, वारा फर्रकन आला. "पंखाही बरा व्हता. आता सांग अशफाक, पाइप कसे हायेत?"

अशफाक काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं."

"एक तापला. हात ठेववत नाई." त्यानं खाली बघितलं. "दुसरा थंडा हाय."

"दोन्ही गरम असते तं पानी फिरून राह्यलं असतं, अन् खोट हवा वळवनाऱ्या आतल्या झाकनात असती. दोन्ही थंडे असते तं गरम पानी तिथंवर पोचलंच नसतं. एक गरम, एक थंडा. गरम पानी जाते, पन तिकडून निंगत नाई. मधात काय हाय?"

"छोटा रेडिएटर."

"तो चोंदला. तू आठ दिवस काय पायलं रे? पाइपाले हात नाई लावला?"

"लावला व्हता. दोन्ही गरमच लागले."

"कवा लावला? कारंज्याहून गाडी हाणून आल्यावर. इंजिन भट्टीसारखं तापल्यावर. तवा तं बोनेटही गरम लागते! अब्बा काय सांगत व्हते?"

अशफाकला आठवलं नाही. त्याला आठवण्यासारखं काही नव्हतंच, तो तेव्हा घरात होता. हे तिला माहीत होतं आणि तरी तिनं विचारलं.

मग ती उठली. ओढणी कमरेला खोचली, बाह्या सारल्या. इंजिन बंद करून निवू दिलं. दोन्ही पाइपांच्या क्लिपा सोडल्या, आणि हरिसिंगच्या नळाची नळी आणून पाणी ज्या पाइपातून बाहेर यायचं त्यात लावली, म्हणजे गाळ आला त्याच वाटेनं माघारी जाईल. "हळू सोड पानी," तिनं हरिसिंगला सांगितलं. "जोर केला तं आतली जाळी फुटन, अन् मंग बसा बोंबलत."

आधी काहीच आलं नाही. मग पाइप गुरगुरला. मग एक गोळा सुटला आणि पाठोपाठ चौकाच्या डांबरावर पिवळा रबरबीत गाळ पसरला. वरणासारखा. वास तर असा की मागच्या बाकड्यावरचा म्हातारा म्हणाला, "कोनाच्या घरी फोडनी देऊन राह्यले?"

"हळद लागली हो!" हरिसिंग ओरडला. "नवरदेव कोन हाय?" सगळा चौक अशफाककडं बघून हसायला लागला.

अशफाकचे कान लाल झाले. तो बहिणीजवळ सरकला, आवाज खाली आणला. "आपा, हे हळदीनं झालं? तुले माईत व्हतं?"

"पह्यल्या दिवसापासून. तू पुडा टाकला, धुतला नाई. म्या इथून पायलं. तिन्ही साल पायलं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

हुस्नाबानोनं त्याच्याकडं बघितलं. हे वाक्य तिनं तीन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. "चहा द्यायले आलेल्या बाईले कोन इचारते?"

अशफाक पिवळ्या गाळाकडं बघत मागं सरकला. तिला वाटलं होतं, हे बोलल्यावर फार थंडावा मिळेल. मिळाला, पण पुरता नाही. मधेच कशिशचा फोन वाजला. बाळाला कपडे घालून ठेवलेत, टोपी मोठी होते, अब्बू कधी निघणार? "निंगते आता," हुस्नाबानो म्हणाली आणि फोन ओढणीत गुंडाळला.

पाणी पिवळ्याचं फिकं झालं, फिक्याचं नितळ. तिनं तीन वेळा सगळं पाणी बदललं, अब्बांनी सांगितलं होतं तसं, एक वेळ कमी नाही. पहिला पाइप लावला, क्लिप आवळली. दुसरा पाइप बसवला. आणि दुसरी क्लिप उचलून तिनं मुठीत धरली. बोटभर लोखंडी कडं. ते लागल्याशिवाय पाणी भरता येत नव्हतं, आणि पाण्याशिवाय गाडी हलणार नव्हती. साडेनऊ वाजले होते.

ती परत खुर्चीत बसली.

"अशफाक," ती म्हणाली. "सगळ्यायले चहा आन."

अशफाक तिच्या मुठीकडं बघत उभा राहिला. बोर्डाकडं बघितलं. मग हरिसिंगच्या हॉटेलात गेला.

खरी गोष्ट हुस्नाबानोच्या एकटीच्या पोटात होती. तिनं स्वतःला दहा वाजेपर्यंतची मुदत दिली होती. दहाला तो बोलो न बोलो, ती क्लिप लावणारच होती. लांब हातांचं ते लेकरू तिकडं मोठ्या टोपीत वाट बघत होतं. पण हे अशफाकला माहीत नव्हतं, आणि तिनं तोंडावर येऊ दिलं नाही. मूठ अशी आवळली होती की कडं तळव्यात रुतत होतं.

अशफाक तबक घेऊन आला. आयुष्यात तबक धरलेलं नव्हतं, त्यामुळं गिलास हिंदकळत होते. म्हाताऱ्याला दिला, हरिसिंगला दिला, देवमनला दिला. देवमननं गिलास घेतला आणि पिवळ्या डांबराकडं, नितळ पाण्याकडं, मग अशफाककडं बघितलं. त्यालाही अकरा वर्षांपूर्वीची ती चिंधी आठवत असणार. कारण त्यानं अगदी त्याच शब्दांत विचारलं.

"अशफाकभाऊ, हे कोनं केलं?"

अशफाकच्या हातात तबक होतं आणि तबकात एकच गिलास उरला होता. तो एकदा खोकला. लहानपणी धुरात खोकायचा तसा.

"आपानं केलं," तो म्हणाला.

"अन् माया रेडिएटर? अकरा वर्षांआधीचा?"

"तोही तिनंच केला. सारेच तिनंच केले. अब्बाच्या मांगं जेवढे चांगले काम दुकानातून गेले, सारे तिचे व्हते." एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण देवमन अजून बघत होता, आणि अशफाकला पुढचा प्रश्न पाठ होता. तो न विचारताच म्हणाला, "मी तं चहा द्यायले आलो."

कुणी हसलं नाही. हरिसिंगसुद्धा नाही.

हुस्नाबानोनं मूठ उघडली. तळव्यावर कड्याचा गोल लाल वळ उठला होता. ती उठली, क्लिप बसवली, आवळली. गाडीची पुढची चाकं हरिसिंगच्या दारातल्या चढावर घ्यायला लावली, म्हणजे पाण्यात अडकलेली हवा वर निघेल, आणि हळूहळू नवीन पाणी भरलं. गाडी चालू केली. काटा वर येईपर्यंत सगळे थांबले. मग तिनं आत वाकून डॅशबोर्डाच्या जाळीपुढं हाताची पालथी बाजू धरली. वारा आला. कोमट, मग ऊन, मग असा गरम की तिच्या चष्म्यावर वाफ धरली.

"कशिशले मांगच्या सीटवर नोको बसवू," ती आतूनच म्हणाली. "समोर बसव. इथी जास्त येते. अन् टोपी लहान आन."

अशफाकनं मान हलवली. तो दारापाशी उभा होता, हातात ते तबक आणि तो उरलेला गिलास. त्यानं तो पुढं केला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याला वाटत होतं की आता ती एक घोट घेईल, म्हणेल जाऊ दे बाबू, आणि सगळं मिटेल.

सगळा चौक बघत होता. हुस्नाबानोनं चष्मा पुसला, गिलास घेतला. अकरा वर्षांनी तिनं चहाचा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि सावकाश गिळला. मग गिलास परत त्याच्या तबकात ठेवला.

"गार झाला," ती म्हणाली. "दुसरा आन."

आणि अशफाक दुसरा आणायला गेला.